‘माणसे बदलतात’ एवढे उत्तर पुरेसे नाही

मालिकांची गोष्ट कॉमिकमधून पुढे नेणारे लेखक, संपादक, प्रकाशक आणि हक्कधारक यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मालिका संपल्यावर काही वर्षांनी आपण जाहीर करता की गोष्ट अजून संपलेली नाही आणि पुढचा भाग कॉमिकच्या पानांवर येणार आहे. मुखपृष्ठावर आपण ‘अधिकृत’ असे लिहिता, कधी ‘पुढचा सीझन’ असेही छापता, आणि त्या शब्दांवर विश्वास ठेवून आमच्यासारखे वाचक ते अंक विकत घेतात. मी त्या वाचकांपैकी एक आहे. पडद्यावर वर्षानुवर्षे ज्यांना पाहिले त्यांचे पुढे काय झाले, हे कळावे म्हणून मी ही पुस्तके वाचते. चित्रे, साहस आणि नवे राक्षस हे सारे मला त्यानंतरचे. मालिकेचा शेवट माझ्या मनात जसा होता तसा तो कॉमिक वाचल्यानंतर राहत नाही, कारण एकदा वाचलेले पुसता येत नाही. म्हणून त्या पानांवर माझ्या ओळखीचे माणूस अनोळखी वागू लागले, तर तो माझ्यासाठी केवळ एका फसलेल्या अंकाचा प्रश्न उरत नाही.

असा प्रश्न वाचकांनी विचारला की आपल्या बाजूने तीन उत्तरे ठरलेली असतात. माणसे बदलतात, हे पहिले. कॉमिक हे वेगळे माध्यम आहे, हे दुसरे. आणि मालिकेचा मूळ निर्माता या कामात सहभागी होता, हे तिसरे. ही तिन्ही उत्तरे मला मान्य नाहीत, आणि ती का मान्य नाहीत हे उदाहरणांसह मांडावे, यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आधी मी कोणत्या मापाने मोजते ते सांगते, म्हणजे मला कुणी पोथीनिष्ठ समजू नये. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’च्या तिसऱ्या सीझनमध्ये, १९९९ मध्ये, वेस्ली नावाचा एक बढाईखोर, घाबरट आणि हास्यास्पद तरुण येतो. आत्मा परत मिळालेल्या एंजल या व्हॅम्पायरवरची ‘एंजल’ ही दुसरी मालिका २००४ मध्ये संपते तेव्हा तोच वेस्ली कोरडा आणि निर्दय झालेला असतो. मधल्या काळात त्याने एका स्त्रीला कपाटात कोंडूनही ठेवलेले असते. पहिल्या आणि शेवटच्या वेस्लीची छायाचित्रे शेजारी ठेवली तर ही दोन माणसे वाटतील. तरीही हे पात्र विसंगत आहे असे मी म्हणणार नाही, कारण मधली प्रत्येक पायरी आम्ही पाहिली आहे. खोट्या भाकितावर विश्वास ठेवून त्याने एंजलच्या तान्ह्या मुलाला पळवले, त्यातच त्याचा गळा कापला गेला, इस्पितळात पडलेल्या त्याला भेटायला आलेल्या एंजलने त्याच्या तोंडावर उशी दाबली, आणि ज्या मित्रांसाठी त्याने हे सारे केले त्यांनी त्याला दूर केले. सुसंगती म्हणजे माणूस तोच राहणे असे मी मानत नाही. जुन्या माणसापासून नव्या माणसापर्यंतची वाट आम्हाला दिसली का, आणि त्या वाटेवरचे निर्णय त्याने स्वतः घेतले का, एवढेच मी विचारते.

या मापाने पाहता माझी पहिली तक्रार बफीबद्दलच आहे. १९९७ ते २००३ या काळात सात सीझन चाललेल्या त्या मालिकेचा आठवा सीझन २००७ पासून कॉमिकच्या रूपाने आला आणि ४० अंकांनंतर २०११ मध्ये संपला. त्यात एक गोष्ट उघड होते: स्लेयर मुलींच्या, म्हणजे राक्षसांशी लढण्याची शक्ती मिळालेल्या मुलींच्या, आपल्या सेनेच्या खर्चासाठी बफीने एक स्विस बँक लुटलेली आहे. आता मालिकेच्या सहाव्या सीझनमधली बफी आठवा. आई गेलेली, घरावर कर्ज, तळघरात नळ फुटलेला. ती बँकेत कर्ज मागायला जाते आणि नकार घेऊन परत येते. लोकांचे प्राण वाचवण्याचे पैसे घ्यावेत, हा मैत्रिणीचा सल्ला ती स्वीकारत नाही, आणि शेवटी विचित्र टोपी घालून बर्गरच्या दुकानात उभी राहते. अनेकदा जगाला वाचवलेली मुलगी तासाच्या मजुरीवर काम करते, यातच त्या सीझनचे सारे कडूपण साठलेले होते. ती पुढे बँक लुटू शकणारच नाही, असे माझे म्हणणे नाही. तिसऱ्या सीझनमध्ये फेथ या दुसऱ्या स्लेयरच्या नादाने तिने दुकानातून शस्त्रे पळवली होती आणि हवे ते घ्यावे, कुणाला विचारू नये, या विचाराची चटक तिला थोडी लागलीही होती. म्हणजे बीज मालिकेतच होते! त्या बीजापासून सुरुवात करून, शेकडो मुलींच्या जेवणाखाणाची जबाबदारी अंगावर आलेली बफी हळूहळू कोणत्या युक्तिवादाने स्वतःची समजूत घालते, हे दाखवले असते, तर त्या सीझनमधला तो सर्वांत चांगला अंक ठरला असता. आपण मात्र निर्णयाचा क्षण पानांबाहेर ठेवला आणि आमच्यापर्यंत फक्त घडून गेलेली गोष्ट पोहोचवली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि तिच्याबद्दल मला सविस्तर लिहावे लागेल. त्याच आठव्या सीझनमध्ये ट्वायलाइट नावाचा मुखवटाधारी शत्रू येतो. तो स्लेयर मुलींच्या विरोधात फौजा उभ्या करतो, त्या लढायांत अनेकजणी मरतात, आणि अखेर मुखवटा उतरतो तेव्हा आत एंजल निघतो. त्याचे स्पष्टीकरण असे की शत्रूंचे नेतृत्व स्वतःकडे ठेवून त्याने प्राणहानी कमी ठेवली आणि बफीला पुढच्या टप्प्याकडे ढकलले. हा तोच एंजल, ज्याने २००४ मध्ये आपल्या मालिकेच्या अखेरच्या भागात, पुन्हा माणूस होण्याच्या भाकितावरचा आपला हक्क सही करून सोडून दिला होता आणि बदल्यात काहीही मिळणार नाही हे माहीत असताना लढायला गेला होता. मोठ्या हितासाठी थोडी माणसे मेली तरी चालतील असे सांगणाऱ्यांशीच तर त्याचे भांडण होते. त्या माणसाला हा युक्तिवाद पटला, हे मी मानायला तयार आहे, पण तो कधी पटला, कुणी पटवला आणि पटताना त्याच्या मनात काय मोडले, हे मला वाचायला मिळायला हवे होते.

ते का मिळाले नाही, याचे एक कारण कथेत नसून करारांत आहे, असे मला वाटते. २००७ ते २००९ या काळात एंजलच्या मालिकेची पुढची कथा एका प्रकाशकाकडे चालू होती आणि बफीची दुसऱ्याकडे. एकीकडे लॉस एंजेलिस शहरासह नरकात गेलेला आणि तिथून माणसांना सोडवणारा एंजल, तर दुसरीकडे मुखवट्याआडचा एंजल. दोन्हींवर अधिकृतपणाचा शिक्का होता आणि मधला प्रवास वाचकांनी आपापला जुळवून घ्यायचा होता. हक्कांची वाटणी हा आपला व्यवहार आहे आणि तो कसा करावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही, पण त्या वाटणीची किंमत पात्राने मोजावी, हे मला रास्त वाटत नाही.

आणि मग बफीचा गुरू जाइल्स याचा मृत्यू. एकोणचाळिसाव्या अंकात एंजल जाइल्सची मान मोडतो. दुसऱ्या सीझनमध्ये आत्मा गमावलेल्या एंजलने जाइल्सची प्रेयसी जेनी कॅलेंडर हिला याच रीतीने मारले होते, हे प्रत्येक वाचकाला आठवले असणार, आणि आठवावे अशीच रचना होती. परंतु त्या दोन प्रसंगांतला फरक लक्षात घ्या. मालिकेत आत्मा जाण्याचे कारण एंजल आणि बफी यांच्या प्रेमातूनच आले होते. दोघांपैकी कुणालाही त्याची कल्पना नव्हती, पण कृती त्यांची होती, म्हणून जेनीच्या मरणाचा भार पुढच्या कित्येक भागांत दोघांच्याही खांद्यावर राहिला. कॉमिकमध्ये मात्र त्या क्षणी एंजलच्या शरीराचा ताबा ट्वायलाइट नावाच्या एका विश्वशक्तीने घेतलेला आहे. म्हणजे मुखवटा घालण्याचा निर्णय त्याचा, पण त्यातून झालेला सर्वांत मोठा गुन्हा त्याचा नव्हे. लेखकाला त्या खुनाचा धक्का हवा होता आणि पात्राला वाचवायचेही होते, आणि अंगात येण्याची युक्ती हे दोन्ही एकदम साधून देते. माझ्या मते आपल्या हाती असलेले हे सर्वांत स्वस्त हत्यार आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्यानंतर आलेल्या ‘एंजल अँड फेथ’ या २५ अंकांच्या मालिकेने ते कर्ज फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. ख्रिस्तोस गेज यांनी लिहिलेल्या आणि रेबेका आयझॅक्स यांनी रेखाटलेल्या त्या अंकांत एंजल ताब्याची सबब पुढे करत नाही. तो जाइल्सला परत आणण्याच्या मागे लागतो, फेथ त्याला सांभाळते आणि त्याच्या वेडेपणावर प्रश्नही विचारते, आणि जाइल्स परत येतो तो एका मुलाच्या शरीरात, स्वतःच्या प्रौढ स्मृतींसह आणि भरपूर रागासह. त्या पानांवर मला माझा ओळखीचा एंजल पुन्हा भेटला. त्यामुळे हे काम कॉमिकमध्ये जमत नाही, असे आपण म्हणू शकत नाही. आपल्यापैकीच काहींनी ते करून दाखवले आहे.

तिसरी तक्रार एका आईबद्दल आहे. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका २००८ मध्ये संपली आणि २०१२ पासून तिची पुढची कथा कॉमिकमध्ये सुरू झाली. तिथे झुकोचे पात्र ज्या काळजीने हाताळले गेले आहे, तिचे मी आधी कौतुक करते. नवा राजा झालेला झुको तुरुंगातल्या बापाकडे, ओझाईकडे, सल्ला मागायला जातो, हे ऐकताना खटकते. पण मालिकेच्या अखेरच्या भागातच त्याचे एक दृश्य बापाच्या कोठडीत घडते, जिथे तो आपली आई कुठे आहे ते विचारतो. कॉमिक त्याच कोठडीच्या दारातून पुढे निघते. बापासारखे होण्याची भीती त्याला पूर्वीपासून होती, आणि सत्ता हाती आल्यावर ती वाढते. इथे वाट दिसते. मालिकेचा नायक आंग मात्र, ज्याने शत्रू राजाला न मारता हरवण्यासाठी चार भागांची तगमग सोसली, तो मित्राला मारण्याचे वचन सुरुवातीच्याच पानांत देऊन बसतो, हे मला घाईचे वाटले, तरी त्या वचनापायी त्याला अखेर रोकू या पूर्वजन्मीच्या अवताराशी असलेले आपले नाते तोडावे लागते, म्हणजे लेखकाने घाईची किंमत वसूल केली. (आंग आणि कतारा एकमेकांना ज्या लाडाच्या नावाने हाक मारतात, त्याची किंमत मात्र फक्त आम्हीच मोजली.)

पण उर्सा? मालिकेत ती अगदी थोडा वेळ दिसते आणि तरीही मनात राहते. मुलाचा जीव वाचवण्यासाठी ती एका रात्रीत सर्वस्वाचा सौदा करते आणि निघताना झोपेतून उठवलेल्या झुकोला सांगते की काहीही बदलले तरी तू कोण आहेस हे विसरू नकोस. झुकोचा सारा प्रवास त्या वाक्यावर उभा आहे. २०१३ मधल्या ‘द सर्च’ या कॉमिकमध्ये आम्हाला कळते की तीच उर्सा नवा चेहरा मागून घेते आणि आपल्या मुलांच्या आठवणीही पुसून टाकते. मला हे वाचून दुःख झाले, पण एवढ्यावरून मी ते विसंगत ठरवणार नाही. मुलाला विसरू नकोस म्हणणारी आई स्वतः विसरण्याची निवड करते, यात मोठी शोकांतिका आहे, ती निवडही तिचीच आहे, आणि माझी तक्रार इतकीच की एवढ्या मोठ्या निर्णयाला पाने फार थोडी मिळाली. मला खरोखर न पटणारी गोष्ट दुसरीच आहे. नवरा आपली पत्रे चोरून वाचतो का, हे तपासण्यासाठी ती एका पत्रात मुद्दाम खोटे लिहिते की झुको हा ओझाईचा मुलगा नाही. ओझाई किती क्रूर आहे हे त्या राजवाड्यात तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. ज्या मुलासाठी ती पुढे सर्वस्व देणार आहे, त्याच मुलाच्या जन्मावर ती एका पत्राच्या तपासणीसाठी डाग लावते? कथेला एक रहस्य हवे होते, झुको नेमका कुणाचा, असा प्रश्न काही काळ लोंबकळत ठेवायचा होता, म्हणून ते पत्र लिहिले गेले, असे मला वाटते. ते पत्र उर्साच्या स्वभावातून आलेले नाही.

आता माध्यमाच्या युक्तिवादाकडे वळते. कॉमिकमध्ये नटाचा आवाज नसतो, चेहरा दर अंकात थोडा बदलतो आणि एका अंकात वीस-बावीस पानेच मिळतात, हे मला समजते. पडद्यावर संवाद थोडा चुकला तरी नट आपल्या चेहऱ्याने पात्र सावरून घेतो; कागदावर ती सोय नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष आपल्या बाजूचा नाही, कारण सावरणारा नट नसेल तर लेखकाने अधिक काटेकोर असायला हवे. शिवाय १९९९ मधला ‘हश’ हा बफीचा भाग आठवावा. त्यात गावातल्या सर्वांचे आवाज चोरीला जातात आणि भागाचा मोठा हिस्सा संवादाविना चालतो, तरी जाइल्स, विलो, झँडर यांतला प्रत्येकजण केवळ हावभावांवरून ओळखू येतो. हावभाव चित्रकाराला काढता येतात. कॉमिकची खरी अडचण मला उलट दिशेला दिसते: तिथे खर्चाची मर्यादा नाही. महाकाय झालेली बफीची बहीण डॉन, स्कॉटलंडमधला किल्ला, पाणबुडी, हे सारे चितारायला फक्त शाई लागते. मालिकेकडे पैसे नव्हते, म्हणून तिला दोन माणसांना एका स्वयंपाकघरात समोरासमोर बसवून बोलायला लावणे भाग होते, आणि पात्रे तिथेच घडत होती.

निर्मात्याच्या सहभागाबद्दल थोडेच लिहिते. आठव्या सीझनचे पहिले अंक मालिकेच्या निर्मात्यानेच लिहिले होते. मालिकेच्या सातव्या सीझनमध्ये ‘द फर्स्ट’ ही शक्ती फक्त मेलेल्यांचेच रूप घेऊ शकते असा नियम होता आणि तिने वॉरन या खलनायकाचे रूप घेतले होते. त्याच पहिल्या अंकांत वॉरन जिवंत निघाला. निर्मात्याची सही असली म्हणजे सुसंगतीची हमी मिळाली, असे होत नाही.

शेवटची तक्रार त्या ‘अधिकृत’ शब्दाची. २०१३ मध्ये ‘द एक्स-फाइल्स’चा दहावा सीझन कॉमिकच्या रूपाने आला, मालिकेच्या निर्मात्याचे नाव त्यावर होते, आणि २००२ मध्ये मेलेले लोन गनमेन हे नायकाचे तीन मित्र त्यात जिवंत होते. २०१६ मध्ये मालिका पडद्यावर परतली आणि तिनेही स्वतःला दहावा सीझनच म्हटले. कॉमिकमध्ये घडलेले तिच्या खिजगणतीत नव्हते. ज्यांनी ते अंक वाचून मल्डर आणि स्कली या नायक-नायिकेबद्दल मत बनवले होते, त्यांनी ते मत कोणत्या खात्यात टाकायचे? पडद्यावरची कथा वरचढ ठरणार असेल तर माझी हरकत नाही, पण ते आधी सांगायला हवे होते.

काही वाचक या पत्राचा वेगळा अर्थ लावतील, म्हणून त्यांच्यासाठीही एक वाक्य लिहिते: आपल्याला आवडलेली जोडी तुटली किंवा आवडते पात्र चुकले, एवढ्यावरून लेखकाला शिव्या घालणाऱ्यांच्या बाजूने मी उभी नाही, आणि माझ्या मागण्या त्यांना कदाचित मिळमिळीत वाटतील.

त्या मागण्या अशा आहेत.

मालिकेतल्या स्वभावाच्या विरुद्ध जाणारी कृती पात्राकडून करवून घ्यायची असेल, तर तिचा निर्णय पानावर दाखवावा; तो दोन अंकांच्या मधल्या रिकाम्या जागेत ढकलू नये. त्यासाठी एखादी लढाई कमी करावी लागली तरी आमची तक्रार असणार नाही.

शरीराचा ताबा, स्मृतिभ्रंश, तोतया किंवा बदललेला चेहरा यांचा उपयोग जबाबदारी झटकण्यासाठी करू नये. तो केलाच तर नंतरच्या परिणामांसाठी जागा आधीच राखून ठेवावी. दुसऱ्या लेखकाने येऊन निस्तरावे, यावर विसंबू नये.

प्रत्येक अशा प्रकल्पावर मूळ मालिका पूर्ण पाहिलेला आणि संहिता परत पाठवण्याचा अधिकार असलेला एक संपादक नेमावा. एकाच पात्राचे हक्क दोन प्रकाशकांकडे असतील, तर त्या पात्रापुरती दोघांमध्ये लेखी समजूत असावी.

‘अधिकृत’ या शब्दाचा नेमका अर्थ पहिल्याच पानावर लिहावा: ही मालिकेची बंधनकारक पुढची कथा आहे, की पडद्यावर काही आले तर रद्द होणारी एक शक्यता आहे. हे स्थान पुढे बदलले तर तसे जाहीर करावे, आणि नियमांची चूक झाली असेल तर संग्रहित आवृत्तीत ती मान्य करावी.

आणि एखादे पात्र असे का वागले, असे वाचकाने विचारले, तर ‘माणसे बदलतात’ असे न सांगता, त्या बदलाची वाट कोणत्या अंकात, कोणत्या पानावर आहे, ते दाखवावे. ते पान नसेल, तर पुढच्या अंकात ते लिहावे.

आपली,
एक प्रेक्षक आणि वाचक